क्रियापदापुढचं टिंब

‘मु. पो. मुकुटबन, ता. झरी जामणी, जि. यवतमाळ’ या एका पत्त्यात चार टिंबं आहेत आणि संपलेलं वाक्य एकही नाही. इकडच्या पोरांची पूर्णविरामाशी खरी ओळख होते ती अशी, अर्जावर आणि दाखल्यावर. वाक्याच्या शेवटी तो दिला काय, राहिला काय, मराठीत फारसं अडत नाही.

अडत नव्हतंच कधी. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरांची माळ सोडायचा. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, तरी वसुलीचे हिशेब आणि लढायांची पत्रं नीट पोचली. पोथ्यांत दंड होता. टिंब आलं छापखान्याबरोबर, इंग्रजांच्या हातून. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणारे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून मराठीला ते रीतसर शिकवलं. हिंदीनं दंड राखला, आपण टिंब घेतलं.

घेतलं खरं, पण गरज होती का? मराठी वाक्याचं क्रियापद म्हणजे मुक्कामी एस.टी.चं गाव, तिथे गाडी थांबणार हे सांगायला पाटी लागत नाही. पैनगंगेच्या या काठावर मराठीसोबत गोंडी, कोलामी आणि तेलुगू बोलली जाते. मराठीचं कूळ वेगळं, उरलेल्या तिघींचं वेगळं. पण क्रियापद शेवटी ठेवण्यावर चौघींचं एकमत आहे.

अशा घरातलं पोर इंग्रजीपुढे बसतं. ‘काल मी टिपेश्वरात वाघ पाहिला’ इथे ‘पाहिला’ आलं की संपलं. ‘आय सॉ’ इथे मात्र पाहून झालं, आणि वाघ, टिपेश्वर, काल हे सगळे अजून यायचेच आहेत. क्रियापद भेटलं म्हणून थांबावं तर वाक्य अर्धं, पुढे जावं तर थांबायचं कुठे? मग पोर स्वल्पविराम देत देत पानभर चालत राहतं. गुरुजी म्हणतात, वाक्य संपलं की फुलस्टॉप द्या. ते संपतं कधी, हाच तर प्रश्न आहे! माझ्या मते नियम उलटा शिकवावा: नवा कर्ता आपलं क्रियापद घेऊन आला आणि मध्ये ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’सारखा जोडणारा शब्द नाही, तर आधीचं वाक्य तिथेच संपलं. स्वल्पविरामानं भागत नाही.

बाकीचे नियम किरकोळ आहेत. ‘डॉक्टर’च्या इंग्रजी संक्षेपात शेवटचं अक्षर शिल्लक असतं, म्हणून ब्रिटिश त्यापुढे सहसा टिंब देत नाहीत; अमेरिकन देतात. वाक्य संक्षेपावरच संपलं, तर दोन टिंबं लागत नाहीत, एकात दोन्ही कामं होतात.

मोबाइलवर नव्या पोरांनी टिंब जवळपास टाकूनच दिलंय. ‘ठीक आहे’पुढे ते दिसलं की समोरचा चिडलाय, असं त्यांना वाटतं. मराठीत त्यांचं काही बिघडत नाही, ‘आहे’ आहेच. नोकरीचा इंग्रजी अर्ज मात्र तसा धाडू नये.