एका इंग्रजी शिवीची कुळकथा

परवां रात्रीं जेवतांना आमच्या नातवानें पानांतील कारल्याच्या भाजीस एक इंग्रजी विशेषण बहाल केलें. अन्नाला नांवें ठेवण्याची आमच्या घरांत रीत नाहीं. पण आमच्या सौभाग्यवतींना जो राग आला तो केवळ भाजीच्या निंदेचा नव्हे. "काय म्हणालास? ब्लडी? त्याचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुला?" असें त्यांनीं विचारलें. स्वारीचें वय दहा वर्षांचें. "ब्लडी म्हणजे खूप, आजी. खूप कडू आहे," असें सांगून स्वारी मोकळी झाली. तेव्हां प्रश्न माझ्याकडे आला. कारण मीं चौतीस वर्षें कॉलेजांत इंग्रजी शिकविलेलें आहे. मीं म्हटलें, "शब्दशः अर्थ रक्तानें माखलेला." त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मग त्यांत शिवी ती कोणती? आणि कारल्याला रक्त आलें कोठून?"

प्रश्न अगदीं रास्त होता, आणि माझ्याजवळ चटकन् देण्याजोगें उत्तर नव्हतें.

या शब्दाची एक व्युत्पत्ति पुष्कळांच्या तोंडीं असते. 'बाय अवर लेडी', म्हणजे 'मेरीमातेची शपथ', ही जुन्या इंग्रजांची आण झिजत झिजत 'ब्लडी' झाली, आणि पवित्र नांवाचा असा विटाळ झाल्यामुळें तो शब्द निंद्य ठरला, अशी ती कथा आहे. मीं स्वतः ती वर्गांत अनेक वर्षें मोठ्या ऐटींत सांगितली. मुलांनाहि ती फार आवडे. दुर्दैवानें ती बहुधा खरी नाहीं. त्या शपथेचें झिजलेलें रूप शेक्सपिअरच्या नाटकांतून आढळतें, आणि तें 'बर्लेडी' असें आहे. तेथून 'ब्लडी' पर्यंतचा प्रवास उच्चारदृष्ट्या अवघड. शिवाय शपथ ही वाक्यापासून अलग उभी राहते. 'देवाशपथ, तो झिंगला आहे' असें आपण म्हणूं. 'तो देवाशपथ-झिंगलेला आहे' असें कोणी म्हणत नाहीं. 'ब्लडी' मात्र पुढच्या शब्दाला गोचिडासारखा चिकटून बसतो. 'देवाच्या रक्ताची शपथ' ही दुसरी व्युत्पत्तीहि याच कारणास्तव लंगडी पडते.

मरे या पंडितानें संपादिलेल्या थोर इंग्रजी कोशाचा पहिला खंड १८८८ सालीं पूर्ण झाला. त्यांत निराळा तर्क केलेला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनमधील बड्या घरच्या उनाड तरुणांना 'ब्लड' म्हणत. म्हणजे उंची रक्ताचे. हे कुलदीपक रात्रभर दारू ढोसून रस्त्यांत धिंगाणा घालीत. तेव्हां 'ब्लडी' झिंगणें म्हणजे त्या सरदारपुत्रांप्रमाणें झिंगणें! या शब्दाचे जुने प्रयोग दारूबाजीच्या संदर्भांत मिळतात, ही गोष्ट या तर्काला पोषक आहे. पण याहूनहि साधा एक मार्ग मला अधिक पटतो. जर्मन भाषेंत अगदीं कोंवळ्या वयाच्या माणसाला 'रक्त-तरुण' आणि अत्यंत गरिबाला 'रक्त-गरीब' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि त्यांना शिवीचा वास मुळींच येत नाहीं. तेथें रक्त म्हणजे केवळ पराकाष्ठा. आपण तरी काय करतों? 'बासुंदी भयंकर गोड झाली' असें म्हणतांना भयानें कोणाची गाळण उडालेली असते? 'मरणाची थंडी' पडते तेव्हां वर्तमानपत्रांत मृतांची यादी शोधावयास कोणी जात नाहीं.

म्हणजे नातवाचें म्हणणें बरोबर होतें. ब्लडी म्हणजे खूप. मग शिवी आली कोठून?

स्विफ्ट हा प्रसिद्ध लेखक पेशानें धर्मोपदेशक. त्यानें १७११ सालीं लंडनहून डब्लिनमधील दोन बायकांना धाडलेल्या पत्रांत त्या दिवशींच्या उकाड्याला हेंच विशेषण लाविलें आहे. लिहिणारा पाद्री, वाचणाऱ्या स्त्रिया, आणि संकोच कोणासच नाहीं. पुढें मात्र हा शब्द गाडीवान, खलाशी, हमाल यांच्या तोंडीं बसला, आणि तेथें बसला म्हणूनच दिवाणखान्यांतून हद्दपार झाला. मरेच्या कोशांतच अशी नोंद आहे कीं, खालच्या वर्गाच्या ओठांवर तो सदैव असतो, सभ्य लोक त्याला किळसवाणा मानतात, आणि वर्तमानपत्रें त्याचें पहिलें व शेवटचें अक्षर छापून मध्यें रेघ ओढतात. शब्द तोच, अर्थहि तोच. बदललीं तीं तोंडें.

हा विटाळ किती दूरवर पोंचला होता पाहा. १८८७ च्या जानेवारींत गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीची 'रडीगोर' ही संगीतिका लंडनला रंगभूमीवर आली. 'रडी' म्हणजे तांबूस; पण सभ्य लोक 'ब्लडी' ऐवजीं तो शब्द वापरीत, आणि 'गोर' म्हणजे साकळलेलें रक्त. झालें! नांवावर एवढी आरडाओरड झाली कीं, थोड्याच दिवसांत कर्त्यांनीं त्यांतील एक इंग्रजी अक्षर बदललें. उच्चारांत तिळमात्र फरक पडला नाहीं. देवनागरींत तर हा बदल लिहून दाखवितांहि येत नाहीं.

तिकडे ऑस्ट्रेलियांत मात्र या शब्दाचें पीक अमाप आलें. अलेक्झांडर मार्चबँक्स नांवाच्या प्रवाशानें १८४७ सालच्या आपल्या पुस्तकांत एका बैल हांकणाऱ्या गाडीवानाची हकीकत दिली आहे. पाव तासांत त्या गृहस्थानें हा शब्द पंचवीस वेळां उच्चारला. प्रवासी हिशेबी होता. दिवसाचे दहा तास बोलण्याचे धरून त्यानें असें गणित मांडलें कीं, पन्नास वर्षांत हा मनुष्य तो शब्द सुमारें १ कोटि ८२ लक्ष वेळां उच्चारील. आपल्याकडे एवढा जप रामनामाचा झाला असता तर गाडीवानाची समाधि बांधली गेली असती.

त्याच देशाच्या पर्यटनखात्यानें २००६ सालीं परदेशच्या प्रवाशांना आमंत्रण देणाऱ्या जाहिरातींत हा शब्द घातला, तेव्हां ब्रिटनमध्यें ती दूरचित्रवाणीवर दाखविण्यास आधीं मनाई झाली व पुढें ती उठली. म्हणजे एकविसाव्या शतकांतहि त्याचा दंश अगदींच गेलेला नव्हता.

पण या शब्दाचा खरा सत्कार केला तो बर्नार्ड शॉनें. त्याच्या 'पिग्मॅलियन' नाटकाचा लंडनमधील पहिला प्रयोग ११ एप्रिल १९१४ रोजीं झाला. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळें तें कथानक मराठी घरोघरीं परिचित आहे. रस्त्यांत फुलें विकणारी इलायझा उच्चारशास्त्राच्या प्राध्यापकाकडून बड्या लोकांचे उच्चार शिकते आणि त्याच्या आईच्या दिवाणखान्यांत येऊन बसते. एक तरुण तिला, उद्यानांतून पायीं जाणार काय, असें विचारतो. आणि ती अत्यंत शुद्ध, खानदानी उच्चारांत या शब्दासह नकार देते. मिसेस पॅट्रिक कॅम्बेल या नटीनें तें वाक्य उच्चारतांच नाट्यगृहांत हंशाचा असा कल्लोळ उसळला कीं, नाटक थांबून राहिलें. पुढें कित्येक वर्षें सभ्य लोक गमतीनें त्या शब्दाच्या जागीं 'पिग्मॅलियन' हेंच नांव घालूं लागले. शॉनें नेमकें मर्म पकडलें होतें. उच्चार कसा करावा हें त्या पंडितानें मुलीला शिकविलें. कोणता शब्द कोणापुढें काढावा हें शिकवावयाचें राहून गेलें.

एवढें व्याख्यान मीं त्या रात्रीं सौभाग्यवतींना दिलें. एक गोष्ट मात्र सांगितली नाहीं, ती येथें सांगतों.

आमचे वडील, नाना, मुंबईस कोटांत एका इंग्रज कंपनींत हिशेबनीस होते. १९५६ सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा होतों. वर्षअखेरची तेरीज जुळत नव्हती म्हणून नाना तीन रात्री उशिरां घरीं येत होते. चौथ्या दिवशीं ते वेळेवर आले, पण कोट न काढतां गॅलरींत बसून राहिले. आईनें पुन्हां पुन्हां विचारल्यावर एवढेंच म्हणाले, "साहेब मला सगळ्यांदेखत 'ब्लडी' म्हणाला." आईनें मला माझा शाळेचा कोश पाहावयास सांगितला. मीं अर्थ वाचला, "रक्तानें माखलेला." तशी ती पांढरीफटक पडली आणि धांवत जाऊन नानांच्या कोटाच्या बाह्या चाचपूं लागली. तें दृश्य मला आज हंसवितें. त्या दिवशीं कोणी हंसलें नाहीं.

तीन महिन्यांनीं नानांनीं ती नोकरी सोडली. पुण्यास एका शाळेच्या कचेरींत त्यांना जागा मिळाली, पगार जवळजवळ निम्मा. गिरगांवची खोली गेली. ताईचें ठरत आलेलें लग्न मोडलें, व पुढें दोन वर्षें कोठें जमेना.

१९७१ सालीं मी नुकताच प्राध्यापक झालों होतों, आणि या शब्दाविषयीं वाचतांना एकाएकीं एक शंका मनांत आली. चहा घेतांना विचारलें, "नाना, साहेब नुसतें 'ब्लडी'च म्हणाला होता, कीं पुढें आणखी कांहीं?" नाना म्हणाले, "'ब्लडी गुड' म्हणाला. तेरीज जुळली होती ना!" मी तर उडालोंच. ती शिवी नव्हती, शाबासकी होती. तेथें त्या शब्दाचा अर्थ 'फार' एवढाच, असें मीं नव्या प्राध्यापकाच्या उत्साहानें दहा मिनिटें समजावून सांगितलें. नानांनीं सगळें ऐकून घेतलें.

"अरे, तें मला त्याच दिवशीं कळलें होतें," ते म्हणाले. "वीस वर्षें काढलीं मीं साहेबलोकांत. पण तो शब्द तो आपल्या मडमेपुढें कधीं काढीत नसे. विलायतेहून मोठा साहेब येई, तेव्हांहि नाहीं. शिपायांपुढें, लिफ्टवाल्यापुढें काढी. त्या दिवशीं माझ्यापुढें काढला. काम चांगलें झालें हें समजलें मला; त्याच्या लेखीं आपण कोणांत मोडतों तेंहि समजलें."

मीं त्यांना उत्तर दिलें नाहीं. तो साहेब कदाचित् मोकळ्या मनाचा माणूस असेल; आपल्या मित्रांतहि तो असाच बोलत असेल, आणि त्या क्षणीं नानांना त्यानें बरोबरीचें मानलें असेल, असेंहि मला पुष्कळदां वाटतें. आणि लिफ्टवाल्याच्या पंक्तींत बसण्यांत एवढें लागण्यासारखें काय होतें, असें नानांना विचारावयाचें राहूनच गेलें. त्यांचें म्हणणें मला अजून पुरतें पटलेलें नाहीं. ताईला तर तें कधींच पटलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नातू पुन्हां पानावर येऊन बसला. कालचीच भाजी उरली होती. "आजोबा, मग तो शब्द म्हणूं कीं नको?" असें त्यानें विचारलें. मी घसा खाकरून आरंभ करणार, तोंच स्वयंपाकघरांतून उत्तर आलें, "जेवतांना नको." त्यानें तें मानलें. कारलें मात्र पानांत तसेंच टाकून उठला.