तबकडी लागत नाही

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात साफसफाईचे जे पर्व सुरू होते, त्यात माझे काम ठरलेले असते. शिडीवर चढून माळ्यावरचे सामान खाली द्यायचे, आणि त्यातले काय ठेवायचे नि काय टाकायचे हे सौभाग्यवतीने ठरवीपर्यंत शिडीवरच ताटकळत उभे राहायचे. यंदा एक बुटांचे खोके खाली गेले. ते उघडून ती म्हणाली, "अगबाई, ह्या अकरा तबकड्या अजून आहेत का? बाल्कनीत टांगा दोऱ्याला. कबुतरं तरी येणार नाहीत."

अकरा नव्हे, बारा होत्या. बारावी मी खाली उतरून हळूच बाजूला काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : 'आई - सहस्रचंद्रदर्शन - हीच लावणे'. त्या 'हीच' या शब्दामागे केवढे रामायण आहे, ते त्या घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक!

गोष्ट २०११ सालची. आईला ८१ वे लागले होते आणि आम्ही डोंबिवलीला घरच्या घरीच तिचे सहस्रचंद्रदर्शन केले. मुलगा अमेरिकेतून पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. येताना त्याने तळहातावर मावेल एवढा एक कॅमेरा आणला होता, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तो त्याच्या डोळ्यांपुढून हलला नाही. ८१ निरांजनांनी आईला ओवाळले, नातवंडांनी गलका केला, आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. सारे गोत जमले होते. नव्हती ती एकटी मावशी. आईची थोरली बहीण सांगलीला खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. रात्री पाहुणे पांगल्यावर आईने एवढेच विचारले, "अक्काला हे दिसेल ना रे?"

"दिसेल की!" मी म्हणालो. "आठ दिवसांत तबकडी करून पाठवतो."

माणसाने बँकेत तीस वर्षे खतावण्या तपासल्या म्हणजे त्याला कशाचेही गणित जमते, असा एक भ्रम असतो. मुलगा चित्रण संगणकात भरून देऊन परत गेला आणि मी कामाला लागलो.

पहिली डीव्हीडी मी साधी केली. ती सांगलीला पोचली आणि तिथे ती लागलीसुद्धा. मावसभावाच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला, "भावजी, छान लागली हो!" मग मावशी फोनवर आली. "माणसं पुष्कळ आलेली दिसताहेत. पण माझ्या धाकटीचं तोंड कुठं दिसतंय रे त्यात? नुसता पांढरा डाग."

मी हिशेब मांडला. आपल्याकडच्या साध्या डीव्हीडीवर एक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे चार लाखांच्या आसपास. मुलाच्या कॅमेऱ्यातले चित्र १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. पाच ठिपक्यांतले चार मी वाटेतच सांडून दिले होते, आणि आईचा चेहरा नेमका त्या चारांत गेला होता. दिवाणखाना भरून माणसे, मध्ये पाटावर आई. लांबून घेतलेल्या त्या चित्रात तिच्या वाट्याला उरणार ते किती?

तेव्हा ठरवले, की जसे टिपले तसेच पाठवायचे. एक कण कमी नाही.

चित्रणाच्या फायली मी एका डीव्हीडीवर जशाच्या तशा उतरवल्या. संगणकावर लावून पाहिल्या, तर चित्र लख्ख. परंतु संगणक हा फार भिडस्त प्राणी आहे. त्याला काहीही द्या, तो गोड मानून घेतो. टीव्हीखाली ठेवायचा प्लेअर मात्र कडक सोवळ्यातला. त्याला तबकडीत 'बीडीएमव्ही' नावाचा कप्पा हवा, त्या कप्प्यात चित्राची वेगळी, क्रमाची वेगळी अशा वाट्या ठरल्या जागी मांडलेल्या हव्यात, आणि तबकडीवरची लिहिण्याची पद्धतही ठरलेलीच हवी. आमच्या घरच्या मसाल्याच्या डब्यासारखे! हळद घरात आहे एवढे सांगून भागत नाही, ती हळदीच्या वाटीतच सापडली पाहिजे. हे कळेपर्यंत दोन तबकड्या गेल्या. तिसऱ्या खेपेला सगळे कप्पे व्यवस्थित करून तबकडी कुरियरने रवाना केली.

"भावजी, नाही लागत."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"काही नाही. आधी गरगर आवाज येतो, मग 'नो डिस्क' म्हणतो."

"बोटं लागलीत का? मऊ कापडानं पुसा. गोल गोल नको, मधून कडेकडे."

ही सूचना मात्र खरी आहे, आणि वाचकांनीही ध्यानात ठेवावी. पुसताना चरा पडायचाच तर तो आडवा पडलेला परवडतो. गोलाकार चरा अक्षरांच्या रांगेवरूनच लांबपर्यंत धावतो. वहिनींनी पुसले. (नातवाचा लोणच्याचा हात लागला होता, हे त्यांनी पुढे कधीतरी कबूल केले.) तरी 'नो डिस्क'. असे दहा दिवस चालले. मी प्लेअरची तार बदलायला लावली, टीव्ही बंद-चालू करायला लावला, आणि एकदा तर प्लेअर उचलून दुसऱ्या कपाटावर ठेवायला लावला. त्याने काय होणार होते, देव जाणे!

शेवटी सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मुळात त्यांच्याकडे तो प्लेअर आहे का, ते तरी विचारा."

"पेटीवर मोठ्या अक्षरांत 'एचडी' लिहिलंय," वहिनी म्हणाल्या.

"आणि 'ब्लू-रे' कुठे लिहिलंय का?"

वहिनींनी पेटीच्या सहाही बाजू वाचून काढल्या. नव्हते लिहिलेले.

तो साधाच डीव्हीडी प्लेअर होता. साधे चित्र ताणून मोठ्या पडद्याजोगे करून दाखवी, म्हणून त्याच्या पेटीवर ती दोन अक्षरे. खोटे कोणी बोलले नव्हते, पण बारीक चित्रणाची ही भाषाच त्याला शिकवलेली नव्हती. ब्लू-रेची तबकडी तर त्याला दिसलीही नसती. डीव्हीडी वाचणारा किरण लाल, ६५० नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा. ब्लू-रेचा निळाजांभळा, ४०५ चा. डीव्हीडीवरच्या ओळींत ०.७४ मायक्रॉनचे अंतर, तर ब्लू-रेवर अवघे ०.३२. जाड भिंगाच्या चष्म्याने पंचांगातली बारीक टीप वाचायला सांगण्यासारखेच ते!

मग मी मावशीसाठी खरा ब्लू-रे प्लेअर विकत घेतला, आणि शहाणपणा एवढा केला, की आधी तो आमच्याच टीव्हीला जोडला. तबकडी लागली! आई पदराने चष्मा पुसून समोर बसली. तीन मिनिटे सारे दृष्ट लागण्यासारखे. मग निरांजनाची ज्योत थिजली, पुन्हा हलली, पुन्हा थिजली. कॅमेरा सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत माहिती ओतत होता, आणि साध्या डीव्हीडीवर असे चित्रण ठेवायचे तर मर्यादा १८ ची. नळ लहान नि बादली मोठी, असे झाले. वर त्या डीव्हीडीवर अर्ध्या तासाहून फार चित्रण मावतही नव्हते. आणि आमचे तर सव्वादोन तासांचे.

म्हणजे खरी ब्लू-रे तबकडीच हवी. एका थराची २५ गिगाबाइटची. त्यासाठी संगणकाला नवा रायटर. सौ. ने बिलाकडे पाहिले आणि काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला बिलापेक्षा महाग पडते.

मधल्या दोन-तीन फजित्या थोडक्यात सांगतो. एक म्हणजे, मी अतिशहाणपणाने चित्रण 'आपल्या देशी पद्धतीचे' करायला गेलो. कॅमेरा अमेरिकेतला, त्याचा हिशेब सेकंदाला ६० चा. मी आज्ञावलीत २५ निवडले. साठाला पंचवीसने भागून पाहा. बाकी उरते, आणि ती पडद्यावर दिसते. ओवाळणीचे तबक आईच्या तोंडासमोर फिरताना उचकी लागल्यासारखे अडखळू लागले. ६० चे ६० च ठेवल्यावर ते सरळ फिरले. दुसरे म्हणजे, घाईने सर्वांत जास्त वेगावर तबकडी लिहिली आणि लिहिलेले तपासून पाहिले नाही. तिचा शेवटचा अर्धा तास कोराच असल्यासारखा होता.

पण खरी हद्द केली ती अकराव्या तबकडीने. सगळे यथासांग, संगणकावर झकास, आणि प्लेअर म्हणतो, तबकडीच नाही! चार दिवस मी भ्रमिष्टासारखा हिंडलो. शेवटी कोऱ्या तबकड्यांच्या वेष्टनावर कोपऱ्यात तीन बारीक अक्षरे दिसली : एलटीएच. नेहमीच्या ब्लू-रे तबकडीवर किरणाने लिहिले की ती जागा काळवंडते. या स्वस्तातल्या जातीत सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि तिथे उलटे : लिहिलेली जागा उजळते. कागदावर शाईने लिहिलेले वाचणाऱ्यापुढे पाटी धरली, तर तो गांगरायचाच. त्यावर दोन उपाय होते. प्लेअरची अंगभूत आज्ञावली पेनड्राइव्हवरून नवी करणे, किंवा दुसऱ्या जातीची तबकडी आणणे. मी दोन्ही केले. माझा आता कशावरच विश्वास उरला नव्हता.

बारावी लागली. सव्वादोन तास, एकदाही न अडखळता.

आठ दिवसांचे तीन महिने झाले होते, आणि सांगलीहून येणारी बातमी बरी नव्हती. मावशीचे खाणे तुटले होते. आता कुरियर नाही आणि फोन नाही. कल्याणला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठली. प्लेअर पिशवीत घालून उशाला, तबकडी स्वेटरच्या आत छातीशी. आईने निरोप काही दिला नाही. डब्यात बेसनाचे लाडू तेवढे दिले.

सांगलीला त्यांनी मावशीची खाट टीव्हीसमोर आणली. मी तारा जोडल्या. माझे हात कापत होते, हे सांगायला आता लाज वाटत नाही. काही क्षण काळोख, मग आमचा दिवाणखाना उजळला.

मावशीने ओवाळणी पाहिली, नातवंडे पाहिली. बोलली काही नाही. पुढे ओव्या म्हणताना मुलाने कॅमेरा जवळ नेला होता, आणि आईचा चेहरा पडदाभर झाला. तेव्हा ती एकदम म्हणाली, "थांबव. थांबव ते."

मी चित्र थांबवले. वहिनींच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठून बसली आणि हात पुढे केला. आम्ही खाट आणखी पुढे ओढली. तिने पडद्यावर, आईच्या हनुवटीखाली बोट टेकले. तिथे एक जुना, आडवा वण आहे. उभा जन्म आईच्या सहवासात काढून मला तो नीटसा माहीत नव्हता.

"झोपाळ्यावरून पडली म्हणून सांगितलंन् घरी," मावशी म्हणाली. "पडली नव्हती. मी ढकललं होतं. बाबांनी तिच्यासाठी आरसा आणला नि मला नाही, म्हणून. टाके घालताना दोघांनी धरलं होतं तिला. पण माझं नाव नाही सांगितलंन्." मग थोड्या वेळाने, "इतकी वर्षं मला वाटायचं, बुजला असेल."

ती पुष्कळ वेळ तशीच बसली. मला पुढे चालू करण्याचा धीर होईना. शेवटी तीच म्हणाली, "हं, म्हणू दे तिला ओव्या."

पुढच्या दीड महिन्यात मावशी गेली. तबकडी वहिनींनी मला परत दिली. प्लेअर मी तिथेच ठेवला. आई २०१६ साली गेली. आता तर सोनी कंपनीनेही कोऱ्या ब्लू-रे तबकड्या करणे २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवले. म्हणून हे चित्रण परवा मी दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले आणि एक प्रत मुलाकडे धाडली.

पण सांगायचे राहिलेच. सांगलीहून परतलो त्या सकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी चहा घेता घेता सारे सांगितले. वणाचे, आरशाचे, झोपाळ्याचे. ऐकताना तिचा हात एकदा हनुवटीकडे गेला आणि पुन्हा सुपात आला.

"अक्काला आता नीट आठवत नाही रे," ती म्हणाली. "झोपाळ्यावरूनच पडले होते मी."