ब्रुकलँड्स : आवाजाचा हिशेब

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून नैर्ऋत्येकडे निघालेली आगगाडी अर्ध्या-पाऊण तासात सरे परगण्यातील वेब्रिज या गावी पोहोचते. स्थानकाबाहेर पडल्यावर गर्द झाडी, विटांची टुमदार घरे आणि काटेकोर छाटलेली कुंपणे असे नेहमीचे इंग्लिश उपनगर दिसते. वीस-पंचवीस मिनिटे चालून गेल्यावर मात्र झाडांमागून काँक्रीटची एक अजस्र, वक्र चढण डोकावू लागते. तिच्या भेगांतून गवत उगवले आहे आणि कडेला शेवाळ धरले आहे. प्रथमदर्शनी ती एखाद्या धरणाची भिंत वाटावी. प्रत्यक्षात तो रस्ता आहे. मोटारींच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेल्या जगातील पहिल्या शर्यतपथाचा, ब्रुकलँड्सचा, हा उरलेला भाग होय.

इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती. सार्वजनिक रस्त्यावर शर्यती भरविण्यास मुभा नव्हती. त्यामुळे वेगाची परीक्षा घ्यावी तर कोठे, हा तेथील मोटार-उद्योगापुढील प्रश्न होता. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने तो स्वतःच्या जमिनीवर आणि स्वतःच्या पैशाने सोडविला. सुमारे पावणेतीन मैल लांबीचा, १०० फूट रुंदीचा आणि वळणांवर जवळजवळ ३० फूट उंच कललेला हा मार्ग अवघ्या काही महिन्यांत उभा राहिला. १७ जून १९०७ रोजी त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा मिरवणुकीच्या अग्रभागी लॉक किंग यांच्या पत्नी एथेल स्वतः मोटार चालवीत होत्या.

या भव्य प्रारंभानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच ब्रुकलँड्सला शेजाऱ्यांची पहिली हाक ऐकावी लागली. २८ जूनच्या सायंकाळी सेल्विन एज हे नेपियर गाडी घेऊन निघाले आणि चोवीस तास एकट्याने ती चालवीत राहिले. सोबतीला आणखी दोन नेपियर गाड्या होत्या. रात्री मार्ग दिसावा म्हणून कडेने लाल कंदील लावले होते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी एज थांबले तेव्हा १,५८१ मैलांचे अंतर कापून झाले होते. विक्रम अपूर्व होता. परंतु त्या रात्री तीन उघड्या इंजिनांच्या गर्जनेत आसपासच्या घरांतील मंडळींचा डोळा लागला नाही. तक्रारी झाल्या आणि ब्रुकलँड्सवर रात्रीच्या धावांना कायमची बंदी आली. पुढे १९२९ ते १९३१ या काळात चोवीस तासांची शर्यत भरविण्यात आली, ती 'डबल ट्वेल्व्ह' या नावाने : दिवसाचे बारा तास धावायचे, रात्री गाड्या कुलुपबंद ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी उरलेले बारा तास पुरे करायचे. एका रात्रीच्या आवाजापायी पुढील सर्व रात्री गमावल्या गेल्या.

प्रकरण तेवढ्यावर थांबले नाही. वाढत्या शर्यतींचा दिवसाचा गोंगाटही असह्य होऊन १९२४ मध्ये रहिवाशांनी न्यायालयाचा आश्रय घेतला. त्यानंतर येथे धावणाऱ्या प्रत्येक मोटारीला आणि मोटारसायकलीला सायलेन्सर बसविणे सक्तीचे झाले. मोठ्या डब्यासारखे पोट आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखे चपटे, पसरट तोंड अशा त्या सायलेन्सरला 'ब्रुकलँड्स कॅन' हे नाव पडले. नाइलाजाने स्वीकारलेला हा डबा आज विंटेज गाड्यांच्या कुशीला मोठ्या दिमाखाने मिरवताना दिसतो.

येथे एक नोंद महत्त्वाची आहे. ब्रुकलँड्सवरील फेरीचा सर्वोच्च वेग, ताशी १४३.४४ मैल, जॉन कॉब यांनी १९३५ मध्ये नेपियर-रेल्टन या गाडीतून नोंदविला. म्हणजे सायलेन्सरची सक्ती होऊन दहा वर्षे उलटल्यावर! तोंड आवळल्यामुळे गाड्या मंदावतील ही भीती निदान त्या आकड्याने खरी ठरविली नाही. चोवीस लिटरच्या विमानी इंजिनाची ती चंदेरी गाडी आज येथील संग्रहालयातच उभी आहे.

महायुद्धाने १९३९ मध्ये शर्यती थांबविल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. विमानांच्या कारखान्यांनी जागा व्यापली. आता शिल्लक राहिलेल्या परिसरात १९०७ चे क्लबगृह, जुन्या शेड, एक कॉन्कर्ड विमान आणि १९०९ ची 'टेस्ट हिल' ही चढण पाहावयास मिळते. ३५२ फुटांच्या या चढणीचा उतार एकास आठपासून सुरू होऊन माथ्याजवळ एकास चार इतका तीव्र होतो. जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात तेव्हा हौशी मालक आपली गाडी या चढणीवर चढवितात आणि खाली उभे असलेले जाणकार डोळे मिटून ऐकत राहतात. कोणाची गाडी कशी 'बोलते', तिला कोणता एक्झॉस्ट बसविला आहे, हा मग तासन्‌तास चालणारा विषय ठरतो.

एक्झॉस्टची निवड ही केवळ हौसेची बाब नाही. तिच्यामागे शास्त्र आहे. सिलिंडरमधील जळालेला वायू दर स्फोटागणिक दाबाची एक लाट नळीत सोडतो. मूळ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये बहुधा कप्पे असतात. त्यांत लाटा आपटून, उलटून एकमेकींचा जोर मोडतात. स्पोर्ट्‌स सायलेन्सरमध्ये मात्र भोके पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतूंचा किंवा पोलादी तंतूंचा थर असतो. वायू सरळ निघून जातो, तीक्ष्ण स्वर त्या थरात जिरतो आणि खोल, भरदार स्वर बाहेर येतो.

उदाहरणादाखल एमजीबी ही गाडी घेता येईल. अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ही दोन आसनी, १,७९८ सीसीची गाडी अशा मेळाव्यांत हमखास आढळते. तिला कारखान्यातून दोन सायलेन्सर लागून येत. मोठा आवाज हवा असलेला मालक सामान्यतः तीन गोष्टींचा विचार करतो : एक सायलेन्सर कमी करणे, अधिक व्यासाची नळी घालणे आणि इंजिनालगतचा बिडाचा मॅनिफोल्ड बदलून नळ्यांचा मॅनिफोल्ड बसविणे. या तिन्हींचा जमाखर्च निरनिराळा आहे. एमजीबीचा मूळ मॅनिफोल्ड मुळातच चांगला मानला जातो. तो बदलून पडणारा लाभ साध्या इंजिनात थोडाच. नळी अवाजवी रुंद केली तर वायूची गती मंदावते आणि कमी फेऱ्यांवरील ओढ घटते. शिवाय वायूचा मार्ग मोकळा झाल्यावर कार्ब्युरेटरचे मिश्रण नव्याने जुळवावे लागते. ते न केल्यास खर्च होतो तो केवळ आवाजासाठी.

त्या आवाजाचीही परीक्षा घाईने होत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे होत असता सेकंदाला १०० स्फोट होतात. एमजीबीला ओव्हरड्राइव्ह असेल तर महामार्गावरील नेहमीच्या वेगाला इंजिन साधारण याच टप्प्यावर फिरत असते. सायलेन्सरचा घुमारा नेमका याच स्वराशी जुळला तर गाडीत एकसारखी घरघर भरून राहते. दुकानासमोर दोन मिनिटे मोहक वाटलेला स्वर दोन तासांच्या प्रवासात शेजारी बसलेल्या सहधर्मचारिणीला नकोसा होतो. म्हणून जाणकार सांगतात की, ज्या गाडीला तो एक्झॉस्ट आधीच बसविला आहे तिच्यात बसून लांबवर जावे आणि मगच निर्णय घ्यावा. दुसरी गोष्ट, तंतूंचा थर काळाबरोबर जळत-झिजत जातो आणि आवाज वाढत राहतो. तेव्हा आज हवा त्याहून किंचित मऊ आवाज निवडणे शहाणपणाचे. तिसरी गोष्ट धातूची. क्वचित बाहेर निघणाऱ्या गाडीच्या साध्या पोलादी नळीत पाणी साचून ती आतून गंजते. स्टेनलेस स्टील महाग, पण टिकाऊ.

आवाजाचे मोजमाप डेसिबलमध्ये होते आणि त्याचे गणित सरळ बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. दहा वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. इंग्लंडमधील शर्यतपथांवर गाडी उभी करून, धुराड्याच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशांच्या कोनात मापक धरून चाचणी घेण्याची पद्धत रूढ आहे. समजा, तेथे १०५ डेसिबल भरले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे सहा डेसिबल कमी होतात. या हिशेबाने ६४ मीटरवरही ६३ डेसिबल उरतात. घरातील कोणी जवळ बसून बोलत असावे, एवढा तो आवाज असतो. रविवारी पहाटे सहाला गाडी बाहेर काढणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

ब्रिटनमधील १९८६ च्या नियमांनी तर ही बाब स्पष्टच केली आहे : सायलेन्सर सुस्थितीत ठेवला पाहिजे आणि आवाज वाढेल असा कोणताही फेरफार त्यात करता कामा नये. चाळीस वर्षांवरील, फारसे फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळते. या नियमातून मात्र मिळत नाही. सार्वजनिक रस्त्यावर जुन्या गाडीचे वय ही सबब होऊ शकत नाही.

ब्रुकलँड्सचा एक धागा पुढे गुडवुडपर्यंत जातो. १९३१ ची 'डबल ट्वेल्व्ह' शर्यत एका चिमुकल्या एमजीतून जिंकणाऱ्या जोडीपैकी एक होते अर्ल ऑफ मार्च. पुढे ड्यूक ऑफ रिचमंड झाल्यावर त्यांनीच १९४८ मध्ये आपल्या जमिनीवर गुडवुडचा शर्यतपथ सुरू केला. आज जुन्या मोटारींच्या प्रेमिकांचे ते मोठे आकर्षण आहे आणि तेथेही आवाज मोजला जातो, मर्यादा पाळली जाते.

मुलाबाळांच्या निमित्ताने लंडनला जाणाऱ्यांनी एक दिवस काढून ब्रुकलँड्स अवश्य पाहावे. त्या कललेल्या काँक्रीटच्या पायथ्याशी उभे राहिले की मोटार, मालक आणि शेजारी यांच्यातील जुना करार ध्यानात येतो. गाडीला आवाज असावा, तो तिचा स्वभाव आहे. परंतु त्याची किंमत कुंपणापलीकडचा माणूस मोजतो, आणि निवड करताना त्याला कोणी विचारलेले नसते. मालकाने सायलेन्सर निवडताना शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंतचे अंतरही मोजले, तर रात्री गमावण्याची पाळी पुन्हा कोणावर येणार नाही.