यंत्राच्या गाण्यातला माणसाचा पाय

आजचा थ्रेड एका गाण्याविषयी आहे. लढाया आणि तह पुढच्या आठवड्यात.

१९७७ साली डॉना समर या गायिकेचा ‘आय रिमेंबर यस्टरडे’ हा अल्बम आला. एकेका गाण्यातून एकेका दशकाची आठवण जागवायची आणि अखेरच्या गाण्यात भविष्यकाळ ऐकवायचा, अशी त्याची कल्पना होती. भविष्याचे ते गाणे म्हणजे ‘आय फील लव्ह’. मूळची बॉस्टनची ही गायिका ‘हेअर’ या संगीतिकेच्या जर्मन प्रयोगासाठी म्यूनिकला आली आणि तेथेच राहिली. संगीतकार जॉर्जिओ मोरोडर इटलीच्या दक्षिण टिरोलचा, तर त्याचा सहकारी पीट बेलॉट इंग्रज. तिघांचे काम चाले ते म्यूनिकमधील एका हॉटेलच्या तळघरातल्या ‘म्यूझिकलँड’ स्टुडिओत.

मोरोडरने ठरवले की भविष्याच्या गाण्यात वाद्यवृंद नको. सारे ध्वनी मूग सिंथेसायझरमधून यावेत. कपाटाएवढे ते यंत्र एबरहार्ड शोनर या संगीतकाराच्या मालकीचे होते. त्याचे सूर थोड्याच वेळात ढळत, म्हणून ध्वनिमुद्रण काही सेकंदांच्या तुकड्यांत करावे लागे. तुकडे एकाच लयीत बसावेत कसे? शोनरचा साहाय्यक रॉबी वेडेल याने फितीच्या एका पट्टीवर नियमित स्पंद मुद्रित करून यंत्राला त्याच्याशी बांधले. माझ्या मते गाण्याचा खरा कणा हाच. तरीही गाण्याचे रचनाकार म्हणून तीन नावे लागली, त्यांत वेडेल नाही. बखरीत वाडा बांधणारा सरदार भेटतो. गवंड्याला शोधायला जमाखर्चाचे कागद उलगडावे लागतात.

पण एका जागी यंत्र हरले. बास ड्रमचा दणदणीत ठोका काही त्यातून निघेना. अखेर कीथ फोर्सी हा वादक बसला आणि तो ठोका त्याने पायाने वाजवला. न थकणाऱ्या यंत्राशी लय जुळवत, एकसारखा!

येथे मला तटस्थ राहता येत नाही. माझे काका जत्रांच्या हंगामात एका ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवत. पुढे कीबोर्डमध्ये आयते ठेके भरून आले, आणि शेवटची काही वर्षे काकांनी त्याच ताफ्याची गाडी चालवली. त्यामुळे यंत्राच्या विजयगाथा मी जरा सावधपणेच वाचतो.

प्रकाशनाची कथा थोडक्यात. अमेरिकेत हे गाणे प्रथम तबकडीच्या मागच्या बाजूस ढकलले गेले; पुढे होती एक संथ प्रेमकविता. नृत्यगृहांनी मात्र तबकडी उलटीच वाजवली. मग कंपनीनेही बाजू बदलली. जुलै १९७७ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले व चार आठवडे तेथे राहिले. अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्या वेळी बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड बोवीची आठवण प्रसिद्ध आहे: ब्रायन ईनो ही तबकडी घेऊन धावत आला आणि म्हणाला, पुढील १५ वर्षे नृत्यगृहांचा नाद हाच असेल.

आज हेडफोन लावून ऐका. बासचा प्रत्येक स्वर डाव्या कानात उमटतो आणि त्याचा प्रतिध्वनी उजव्या कानात. स्वर दुप्पट वेगाने धावल्यासारखे वाटतात. या धावपळीच्या मधोमध जो ठोका पडत राहतो, तो फोर्सीचा पाय.