काळा दगड

मंद विद्यार्थ्याला ‘दगड’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तीस वर्षें वर्गांत उभा राहूनही मीं हा शब्द कोणास उद्देशून वापरला नाहीं. विद्यार्थ्यांची दया येते म्हणून नव्हे; मला दगडाविषयीं आदर आहे.

हा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरांवर थर पसरले, आणि ते निवून त्यांचा महाराष्ट्र झाला. आजीचें जातें, देवळाचा उंबरठा, गडाचा बुरूज आणि वेरूळचें कैलास लेणें हीं सारीं याच दगडाचीं. इतकें सर्वत्र असणाऱ्या वस्तूकडे कोण पाहतो?

हल्लींचीं मुलें ज्या वैज्ञानिक कादंबऱ्या वाचतात त्यांत परग्रहांवरचीं नगरें कसल्या तरी झळाळत्या, अपूर्व धातूचीं असतात. मला त्याची मोठी गंमत वाटते. १९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या पहिल्या माणसांनीं तेथून जे दगड आणले त्यांत बेसाल्टच होता. चंद्रावर ज्याला आपण ससा म्हणत आलों तो काळसर डाग म्हणजे याच जातीच्या दगडाचें मैदान. मंगळावरही तोच. तेव्हां परग्रहावर घर बांधावयास गेलेला माणूस पहिली पहार मारील ती ओळखीच्याच दगडावर!

पण हें फार लांबचें झालें. आमच्या मीरा-भाईंदरच्या हद्दींत घोडबंदरचा किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनीं बांधला, १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला, आणि पुढें इंग्रजांकडे गेला. धनी बदलले, दगड जागचा हालला नाहीं. खाडीपलीकडच्या वसईचा दगड मात्र गलबतांतून थेट गोव्याला पोंचला. १६०५ सालीं पुरें झालेलें जुन्या गोव्याचें बॉम जेझू चर्च तांबड्या जांभ्याचें आहे, पण त्याच्यावरचें कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडांत केलें आहे. सच्छिद्र जांभ्यावर बारीक नक्षी कशी टिकावी?

पाथरवट दगड हातीं घेतो तेव्हां प्रथम त्याची दर्शनी बाजू निवडतो. तीच टाकीनें घडवावयाची. बाकीच्या भिंतींत गडप व्हावयाच्या. जुन्या भिंतीवरून बोट फिरविलें कीं ते घाव अजून हाताला लागतात. आजच्या भाईंदरांत असा घडीव दगड क्वचितच दिसतो, पण म्हणून दगड नाहींसा झाला असें नव्हे. आमच्या चार मजली इमारतींत तो गच्च भरलेला आहे. काँक्रीटमधली खडी म्हणजे तोच सह्याद्री, सुरुंगानें फोडून यंत्रांत भरडलेला. त्याला दर्शनी बाजू म्हणून उरलेली नाहीं, आणि तो उभा आहे लोखंडाच्या जिवावर. खाडीचा खारा वारा चिरांतून आंत शिरतो, सळई गंजते, गंजून फुगते, आणि मग बाहेरचा थर ढलप्यांनीं गळूं लागतो. पुरीं चाळीस वर्षेंही झालीं नाहींत, तोंच आमची इमारत धोकादायक ठरली. ‘दगडापेक्षां वीट मऊ’ ही म्हण करणाऱ्यानें काँक्रीट पाहिलें नव्हतें.

पुढच्या महिन्यांत आम्हांला घर रिकामें करावयाचें आहे. भाड्याची जागा लहान. सामानाची यादी करतांना चिरंजीवांनीं पाटा-वरवंट्यापुढें फुली मारली. मिक्सर असतांना हें धोंड कशाला, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या आईनें न बोलतां ती फुली खोडली. पाटा तिच्या सासूबाईंचा, म्हणजे माझ्या आईचा. तो वाटून वाटून अगदीं गुळगुळीत झाला आहे, आणि टाकी लावून देणारी बाई पूर्वीं दारावरून हांक मारीत जाई ती कित्येक वर्षांत आलेली नाहीं. तिसऱ्या मजल्यावरून तो खालीं नेण्यास दोन माणसें लागतील. मीं तीं सांगून ठेविलीं आहेत.