दिवेलागणीचा फोटो

देऊळघाट हें आमचें गांव बुलढाण्याजवळ पैनगंगेच्या कांठीं आहे. नदी येथें अजून लहान आहे. पुढें विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा होऊन वाहणारी ती हीच, असें सांगितलें तर पाहुण्यास खरें वाटत नाहीं. गांवांत आमचें एक जुनें मातीचें घर आहे आणि त्या घरांत आमची आत्या राहते. तिला ८६ वें वर्ष चालू आहे. येत्या वैशाखांत ती आमच्याकडे पुण्यास यावयाची आणि घरास कुलूप लागावयाचें, असें ठरलें आहे. हें ठरल्यापासून आमच्या मनानें एकच ध्यास घेतला: सायंकाळीं देवघराच्या कोनाड्यांत आत्या दिवा लावते, त्या वेळचा तिचा एक तरी चांगला फोटो आपल्यापाशीं असावा.

यांत अवघड तें काय, असें वाचकांस वाटेल. आम्हांलाही तसेंच वाटलें होतें. परंतु घरांतले सगळे अल्बम काढून पाहतां आत्याचे एकंदर १९ फोटो निघाले, आणि त्यांपैकीं १४ फोटोंत तिचे डोळे मिटलेले! बाकीच्यांपैकीं तिहींत डोळे इंगळासारखे लाल. हा सर्व प्रताप फ्लॅशचा. लहान कॅमेऱ्यांत फ्लॅश भिंगाच्या अगदीं शेजारीं असतो. त्याचा झोत डोळ्याच्या मागच्या रक्ताळ पडद्यावर आदळून सरळ भिंगांत परत येतो, म्हणून डोळे लाल दिसतात. तें एक वेळ चालेल. पण फ्लॅश पडला कीं दिव्याचा उजेड पार नाहींसा होतो. वात पेटलेली आहे कीं विझलेली, हेंही फोटोवरून कळत नाहीं. ज्या वस्तूचा फोटो घ्यावयाचा तीच वस्तू मारून टाकणारें असें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं.

तेव्हां फ्लॅशशिवाय काम भागवावयाचें, हें ठरलें. आमच्यापाशीं एक जुना लहान कॅमेरा होता. तो आम्हीं केवळ १२ मेगापिक्सेल हा आंकडा पाहून घेतला होता आणि त्या अभिमानांत कांहीं वर्षें घालविलीं होतीं. दिवाळींत त्यानेंच प्रयत्न केला. फोटोंत आत्याच्या जागीं रांगोळीचे दाणे विखुरल्यासारखें कांहींतरी आलें.

असें कां व्हावें, याचा आम्हीं शोध घेतला. आणि जें समजलें तें आम्हांस इतकें मनोरंजक वाटलें कीं येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. उजेड हा पावसासारखा थेंबाथेंबानें पडतो. अंगणांत एक परात व एक वाटी ठेवा. मुसळधार पावसांत दोन्ही भरतील. पण भुरभुर असली तर परातींत तळ तरी ओला होतो, वाटींत किती थेंब पडले हें निव्वळ नशीब. जेथें सरासरीनें १०० कण यावयाचे, तेथें कधीं ९० येतात, कधीं ११०. जेथें १०,००० यावयाचे, तेथें हा चढउतार १०० च्या आसपास, म्हणजे शेंकडा एक. कॅमेऱ्यांतल्या सेन्सरची हीच गोष्ट. आमच्या त्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरांचा, आणि त्यावर बारा दशलक्ष वाट्या मांडलेल्या. भुरभुर पावसांत काय भरणार? कारखानदारांसही हें उमगलें असावें. कॅनन कंपनीनें २००८ च्या जी १० कॅमेऱ्यांत १४.७ मेगापिक्सेल दिले होते, तेच पुढल्या वर्षींच्या जी ११ मध्यें दहांवर आणले. पुढचें पाऊल मागें टाकून विकलें गेल्याचीं उदाहरणें व्यापारांत फारशीं नसावींत.

देऊळघाटाहून अजिंठा कांहीं फार दूर नाहीं. तेथील चित्रांपुढें फ्लॅशला मनाई आहे, तेव्हां अंधाराशीं झगडणाऱ्यांचें तें एक जुनें तीर्थच म्हटलें पाहिजे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ पासून तेथें बसून चित्रांच्या नकला केल्या; त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळून गेल्या. तोंवर त्यानें कॅमेराही हातीं घेतला होता, आणि लेण्यांच्या त्याच्या छायाचित्रांचें पुस्तक १८६४ सालीं निघालेंही होतें. त्या काळच्या कांचांना लेण्याच्या अंधारांत फार वेळ उजेड दाखवावा लागे. पण गिलसाहेबाची एक सोय होती: खांब हलत नाहींत. आमची आत्या एका क्षणापेक्षां अधिक स्थिर बसल्याचें कोणास आठवत नाहीं.

आतां निवडीचा प्रश्न. पुतण्यानें आपला मोबाइल पुढें केला. त्यांत रात्रीसाठीं युक्ति असते. यंत्र एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतें. बेरीज उत्तम झाली, पण आत्याचा चेहरा मेणाचा दिसूं लागला, सुरकुत्या गेल्या, आणि दिवेलागण दुपारच्या दोन वाजल्यासारखी उजळली. आम्हांला थोडे दाणे पत्करले, पण हा खोटा उजेड नको.

मग दोन जुन्या, वापरलेल्या कॅमेऱ्यांवर येऊन ठेपलों. एक २०१३ चा रिको जीआर: सेन्सर सुमारें ३७० चौरस मिलिमीटरांचा, म्हणजे खरी परात, पण भिंगाचें तोंड एफ २.८, झूम नाहीं, आणि हाताचा कंप सांवरण्याची सोय नाहीं. दुसरा २०१४ चा सोनी आरएक्स १०० तिसरा. त्याचा सेन्सर 'एक इंची' म्हणवतो. हें नांव जुन्या टेलिव्हिजन-कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून आलेलें, खरी लांबी-रुंदी १३.२ आणि ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळ रिकोच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मात्र भिंगाचें तोंड एफ १.८, म्हणजे एफ २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड आंत घेणारें. सगळा हिशेब मांडल्यावर रिको किंचित् सरस ठरतो, हें आम्ही प्रामाणिकपणें सांगतों. कंप सांवरण्याच्या सोयीचा डौलही फार मानूं नये. आमचा हात हलला तर यंत्र सांवरील, आत्याचा हात हलला तर तें काय करणार? तरीही आम्हीं सोनीच घेतला. आमचा हात आतां पूर्वीसारखा स्थिर राहिलेला नाहीं, एवढेंच त्याचें कारण. आत्याच्या वयाचा विचार करतां करतां आपल्या वयाचा हिशेब असा मध्येंच निघेल, असें वाटलें नव्हतें.

पौषांत देऊळघाटास गेलों. मगरिबची अजान झाली, गुरें परतलीं, आणि आत्या हातपाय धुऊन देवघरांत आली. तेथें ती विजेचा दिवा लावूं देत नाहीं. कोनाडा तिच्या सासूबाईंच्या काळापासूनच्या काजळीनें काळा झालेला. आम्हीं झूम न लावतां, कारण लावला कीं भिंगाचें तोंड आंखडतें, दाराच्या चौकटीला खांदा टेकला, आय. एस. ओ. १६००, वेळ सेकंदाचा पंधरावा भाग. आत्यानें काडी ओढली, तळव्याचा आडोसा केला, वात लावली. आम्हीं श्वास धरून १२ फोटो घेतले.

त्यांपैकीं नऊ हललेले. दहाव्यांत हात धुरकट आहेत, पण ती वातीकडे पाहत आहे, डोळे उघडे आहेत, आणि गालावरची प्रत्येक सुरकुती उजेडांत आहे. मागें नुसता काळोख. दाणेही आहेत, ते असोत.

आम्हीं मोठ्या कौतुकानें कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा तिच्यापुढें धरला. तिनें चष्मा वर करून बराच वेळ पाहिलें.

"बापू, हा कोनाडा एवढा काळा झालाय?" ती म्हणाली. "आणि तूं हें लोकांना दाखवणार?"

आपण वैशाखांत येथून निघणार, याची तिला आम्हीं आठवण करून दिली. तिनें ऐकलें न ऐकलेंसें केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही उठून पाहतों तों बादलींत चुना कालवलेला होता, आणि आत्या पाटावर उभी राहून कोनाड्यास स्वतःच्या हातानें पहिला हात देत होती.