टिप फॉस्टर

रेजिनाल्ड अर्स्किन फॉस्टर, मित्रांचे ‘टिप’, हे एका अँग्लिकन पाळकाचे पुत्र. सात भाऊ, आणि सातही वुस्टरशायरकडून खेळले! डिसेंबर १९०३ मध्ये सिडनीला पहिल्याच कसोटीत टिपने २८७ धावा काढल्या. पदार्पणातील तो उच्चांक आजही अबाधित आहे. शेवटच्या गड्यासाठी त्यांनी विल्फ्रेड ऱ्होड्ससह १३० धावा जोडल्या. ऱ्होड्स खेळावर पोट भरणारे व्यावसायिक, तर फॉस्टर हौशी ‘जंटलमन’. त्या काळी ही दरी मोठीच होती. हौशी माणसाने पोटासाठी अन्य काही करावे, म्हणून टिप शेअर बाजारात रमले आणि कसोटी सामने अवघे ८ खेळले. तरीही क्रिकेट व फुटबॉल या दोन्ही खेळांत इंग्लंडच्या पुरुष संघाचे कर्णधारपद भूषविणारे ते एकमेव होत. १९०७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे नेतृत्व मात्र त्यांनी व्यवसायापायी नाकारले. आम्हांस याची हळहळ वाटते.

कारण वेळ थोडाच होता. मे १९१४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, मधुमेहाने त्यांना नेले. रुग्णाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन टोरांटोत मिळाले ते जानेवारी १९२२ मध्ये. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांत फ्रीजमध्ये दुधाशेजारी ती कुपी दिसते, तेव्हा ही आठ वर्षे आम्हांस फार सलतात.

एप्रिल १९३० मध्ये जमैकात सँडहॅम यांनी ३२५ धावा करून कसोटीतील २८७ चा विक्रम मोडला. त्या इंग्लिश संघात ५२ वर्षांचे ऱ्होड्स होते.